आजारपणाचा पैसा कोण भरतं? आरोग्य-वित्त आणि न्याय्य उपचारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरोघरी जाऊन आजारपणाच्या खर्चाची पाहणी करणं हे माझं गेल्या बऱ्याच वर्षांचं काम. त्यामुळे समाजकार्याचे विद्यार्थी, आशाताई, तालुक्याचे बातमीदार आणि नात्यागोत्यातली माणसं तेच तेच प्रश्न पाठवत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत, सोपे आधी आणि अवघड नंतर. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर पुन्हा न सांगता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आरोग्य-वित्त म्हणजे सरकारचं आरोग्याचं बजेटच ना?

बजेट हा त्यातला एक तुकडा. आरोग्य-वित्ताचा अभ्यास करणारा माणूस विचारतो की पैसा कुणाकडून गोळा झाला, तो कुठे एकत्र साठला आणि त्यातून कुणासाठी कोणते उपचार घेतले गेले. कर, कामगारांच्या पगारातून होणारी कपात, विम्याचे हप्ते, देणग्या आणि रुग्णाने काउंटरवर मोजलेल्या नोटा हे सगळं त्यात येतं.

आणखी एक गोष्ट अभ्यासक्रमात जरा मागे पडते आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते: पैसा कधी भरला. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयाने गावकऱ्यांसाठी आरोग्य विमा उभा केला तेव्हा हप्ता ज्वारीत घेतला. सुगीला घरात धान्य असतं, तेव्हा घरटी ठरलेली ज्वारी द्यायची आणि वर्षभर उपचारांत सवलत मिळवायची. आजार आषाढात आला तरी त्याचा पैसा सुगीतच भरून झालेला. जगभरातले आरोग्य-वित्ताचे प्रयोग शेवटी याच एका कल्पनेभोवती फिरतात: माणूस धडधाकट असताना, ऐपतीप्रमाणे, सगळ्यांनी मिळून आधी भरायचं. खाटेवर पडलेल्या माणसाकडून पैसे मागणं ही वसुलीची सगळ्यात निर्दय पद्धत आहे आणि गरीब देशांत तीच सगळ्यात जास्त चालते.

२. भारतात लोक स्वतःच्या खिशातून नेमका किती खर्च करतात?

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार, म्हणजे देशातल्या आरोग्यखर्चाच्या सरकारी हिशेबानुसार, २०१३-१४ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के भाग घरांनी खिशातून उचलला होता. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आलं आणि सरकारचा वाटा ४८ टक्क्यांपर्यंत चढला. सरकारी खर्च तेव्हा सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं होतं.

घसरण मोठी आहे. पण ती वाचताना जपून वाचावी. घरच्या खर्चाचा अंदाज राष्ट्रीय नमुना पाहणीवर उभा असतो आणि लोकांनी उपचार घेणंच कमी केलं तरी खिशातला खर्च कमी दिसतो. अनेक अभ्यासकांनी नेमका हाच आक्षेप घेतला आहे. (प्रश्न ११ मध्ये हा मुद्दा सविस्तर आहे.)

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. १९८० च्या दशकात मुंबईच्या एका संशोधन संस्थेने जळगाव जिल्ह्यात घरोघरी फिरून आजारपणाचा हिशेब मांडला. लोक बहुतेक खासगीतच जातात आणि खर्चाचा मोठा भार घरांवरच पडतो, हे त्यातून आकड्यांत दिसलं. त्याआधी बजेटबाहेरचा हा पैसा फारसा कुणी मोजतच नव्हतं.

३. ‘आपत्तीजनक खर्च’ म्हणजे किती रुपये?

रुपयांत उत्तर नाही, प्रमाणात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २००३ मध्ये ५९ देशांची माहिती तपासताना एक कसोटी वापरली: पोटापाण्याची गरज भागल्यावर उरणाऱ्या ऐपतीच्या ४० टक्के किंवा त्याहून जास्त पैसा उपचारांवर गेला तर तो आपत्तीजनक. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांनी दुसरी कसोटी घेतली, घरच्या एकूण खर्चाच्या १० किंवा २५ टक्के.

दोन्हींत फरक केवढा पडतो ते एका काल्पनिक हिशेबातून पाहा. एका घराचा वर्षाचा खर्च १,२०,००० रुपये, त्यातले ७०,००० अन्नावर. त्यांनी दवाखान्यावर २२,००० घातले. एकूण खर्चाच्या ते १८ टक्के, म्हणजे २५ टक्क्यांच्या कसोटीत हे घर सुखरूप. पण उरलेल्या ५०,००० पैकी ते ४४ टक्के आहेत आणि त्या घरात मुलाची फी थकली आहे. आता १२ लाख खर्च करणारं, त्यातले अडीच लाख अन्नावर घालणारं घर घ्या. त्यांनी उपचारांवर दीड लाख दिले तर १० टक्क्यांच्या कसोटीत ते ‘आपत्तीत’ सापडलं, पण ४० टक्क्यांच्या कसोटीला शिवलंसुद्धा नाही. म्हणून कुणी नुसती टक्केवारी सांगितली तर आधी कसोटी विचारा.

४. सरकारी दवाखाना असताना लोक खासगीत का जातात? फुकट नको असतं का त्यांना?

हा प्रश्न शहरातून जास्त येतो. २०१७-१८ च्या नमुना पाहणीत बाळंतपण सोडून एका भरतीचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खासगीत ३१,८४५ रुपये निघाला. सातपट. एवढा फरक असताना लोक खासगीत जातात, तर त्यांना पैशाची किंमत कळत नाही असं म्हणणं अन्यायाचं आहे.

राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात अर्थतज्ज्ञांनी एक साधी पाहणी केली होती. आरोग्य उपकेंद्रांना अचानक भेटी दिल्या तेव्हा सुमारे ४५ टक्के वेळा नर्सबाई जागेवर नव्हत्या. काही वेळा त्या गावात फिरतीवर असणार, ते खरं. पण तापाचं पोर घेऊन चार किलोमीटर चालत आलेल्या बाईला कुलूपच दिसतं. दुसऱ्या वेळी ती चालत येत नाही.

शिवाय सरकारी भरतीत ते ४,४५२ रुपये का लागतात, हेही पाहा. बाहेरून आणलेली औषधं, बाहेर करायला सांगितलेली सोनोग्राफी. येण्याजाण्याचं भाडं आणि पेशंटजवळ बसणाऱ्या माणसाचं जेवण तर त्या आकड्यात धरलेलंच नाही. आमच्या फॉर्मवर सर्वांत जास्त खाडाखोड ‘इतर’ या रकान्यात होते, कारण लोकांना आधी फक्त डॉक्टरचं बिल आठवतं आणि बाकीचं हळूहळू.

आरोग्यव्यवस्था आखायला ब्रिटिश सरकारने नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्येच सांगितलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणी योग्य उपचारांवाचून राहू नये. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे मूळचे नाशिकचे. त्यांनी सुचवलेली गावपातळीपासून वर चढत जाणारी व्यवस्था कागदावर आली, पण तिला लागणारा पैसा आणि माणसं पुरेशी आलीच नाहीत.

५. थोडीशी फी ठेवली तर काय बिघडलं? फुकटाची किंमत राहत नाही.

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याला नीट उत्तर द्यायलाच हवं. १९८७ च्या सुमारास जागतिक बँकेने हाच विचार पुढे केला आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांनी सरकारी दवाखान्यांत शुल्क लावलं. नंतरच्या काळात या समजुतीची प्रत्यक्ष परीक्षा झाली.

केनियात गर्भवती बायकांना डासांपासून वाचवणाऱ्या औषधी मच्छरदाण्या वेगवेगळ्या किमतींना देऊन पाहिल्या. फुकट मिळत होत्या तिथपासून किंमत ६० सेंटपर्यंत नेली, तीही भरपूर अनुदान धरून, तर घेणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्के-अंकांनी, म्हणजे दर शंभरांत साठांनी पडलं. आणि ज्यांनी फुकट नेली त्यांनी ती विकत घेणाऱ्यांइतकीच वापरली. केनियातल्याच शाळांमध्ये जंताच्या गोळ्यांना थोडी किंमत लावली तेव्हा गोळ्या घेणाऱ्या मुलांचं प्रमाण ७५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आलं.

उदयपूरमध्ये तर उलटी बाजू तपासली. काहीच न केलेल्या गावांत पूर्ण लसीकरण ६ टक्के होतं. दर महिन्याला ठरल्या दिवशी खात्रीने शिबिर भरवलं तिथे १८ टक्के झालं. प्रत्येक लसीमागे किलोभर डाळ आणि सगळ्या लसी पुऱ्या झाल्यावर थाळ्या दिल्या तिथे ३९ टक्के. आईला लसीची किंमत कळत नव्हती असं नाही. पोराला घेऊन लसीला जायचं तर तिचा अर्धा दिवस बुडत होता, आणि डाळीने तो भरून निघाला.

एक इशारा मात्र देते. फी काढली की काम संपलं असं नसतं. युगांडाने मार्च २००१ मध्ये सरकारी केंद्रांतलं शुल्क रद्द केलं. गरिबांची ये-जा लक्षणीय वाढली, पण गरीब घरांवरचा आपत्तीजनक खर्च त्या मानाने खाली आला नाही, कारण औषधं संपायची आणि लोक बाहेरून विकत घ्यायचे. फीच्या जागी तेवढा पैसा मागून यावा लागतो.

६. महाराष्ट्रात सरकारी दवाखान्यात सगळं मोफत झालं ना? मग केसपेपरचे पैसे कसे घेतले?

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत: प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय. सरकारी मेडिकल कॉलेजची रुग्णालयं वेगळ्या विभागाकडे आहेत आणि महानगरपालिकांची रुग्णालयं पालिकांकडे. पाटीवर ‘शासकीय’ लिहिलेलं पाहून लोक फसतात. कोणत्या विभागाचं रुग्णालय आहे ते आधी विचारा.

७. पाच लाखांचा विमा आहे, कार्ड आहे. आता काळजी कशाची?

आधी इतिहास थोडक्यात. २००८ मध्ये केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली, ३०,००० रुपयांच्या संरक्षणाची. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. तीच पुढे महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना झाली. आधी घरामागे दीड लाख रुपये होते, आता पाच लाख आहेत आणि रेशनकार्ड कोणत्याही रंगाचं असलं तरी चालतं. केंद्राची आयुष्मान भारत २०१८ पासून आहे आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्यात ७० वर्षांवरच्या सगळ्यांना घेतलं.

या योजनांनी जीव वाचले आहेत, हे मी मनापासून सांगते. हृदयाची शस्त्रक्रिया, डायलिसिस, केमोथेरपी ज्यांच्या स्वप्नातही नव्हती त्यांना ती मिळाली. कर्नाटकातल्या अशाच योजनेचा अभ्यास करणाऱ्यांनी योजना पोचलेली आणि न पोचलेली, सीमेलगतची गावं ताडून पाहिली. योजनेत बसणाऱ्या आजारांनी होणारे गरिबांचे मृत्यू पोचलेल्या बाजूला कमी निघाले.

पण काळजीच्या जागा उरतातच. या योजना भरतीसाठी आहेत. आयुष्मान भारतमध्ये भरतीच्या आधीचे तीन दिवस आणि नंतरचे पंधरा दिवस धरले जातात, त्यापलीकडे नाही. रक्तदाबाची रोजची गोळी, साखरेची तपासणी, मिरगीचं औषध यांना कार्ड चालत नाही, आणि घर पोखरतं ते याच खर्चाने. २०११-१२ च्या आकडेवारीवर झालेल्या एका अभ्यासात उपचारांच्या खर्चामुळे सुमारे साडेपाच कोटी भारतीय दारिद्र्यरेषेखाली गेल्याचं दिसलं. त्यातले ३.८ कोटी नुसत्या औषधांच्या खर्चाने. यावर राज्यांनी उपाय केलेलेही आहेत. तमिळनाडूने १९९० च्या दशकात औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं, राजस्थानने २०११ मध्ये सरकारी दवाखान्यांत मोफत औषधं सुरू केली. माझ्या मते विम्याच्या दर नव्या घोषणेआधी हा प्रश्न विचारावा: गावच्या केंद्रात आज गोळ्या आहेत का?

दुसरं, कार्ड हातात असणं आणि ते चालणं यांत अंतर आहे. कर्नाटकात राष्ट्रीय स्वास्थ्य विम्यावर जवळपास ११,००० कुटुंबांचा मोठा प्रयोग झाला. कार्ड वापरायला गेलेल्या अनेकांना ते वापरताच आलं नाही: कुठे चालतं ते ठाऊक नव्हतं, कुठे रुग्णालयाने घेतलं नाही.

८. योजनेत असलेल्या रुग्णालयाने वर पैसे मागितले. काय करू?

भरती होतानाच आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलावर नोंद झाली का ते पाहा. नोंद झाली आणि उपचार योजनेच्या यादीत असतील तर त्या पॅकेजमध्ये खाट, तपासण्या, औषधं, जेवण धरलेलं असतं. वेगळे पैसे मागितले तर पावती मागा. पावती मिळत नाही म्हटलं की निम्मं उत्तर मिळालं. तक्रार आरोग्यमित्राकडे, मग जिल्हा समन्वयकाकडे लेखी द्या. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही, हे रुग्ण हक्क सनदेत आहे.

अडचण होते ती ‘आधी डिपॉझिट भरा, योजनेचं नंतर बघू’ या वाक्यात. माझ्याच घरातल्या एका भरतीत रात्री अकरा वाजता हे वाक्य ऐकलं आहे. हातात फाइल, समोर काच, आणि आत आपलं माणूस. त्या क्षणी कुणीही पैसे भरतं. मीही भरले. म्हणून ही माहिती धडधाकट असताना वाचून ठेवा.

९. धर्मादाय रुग्णालयात गरिबांसाठी खाटा राखीव असतात म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या आणि राखीव खाटांच्या तरतुदीत बसणाऱ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये याची योजना घालून दिली. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’त वेगळी काढायची असते. तहसीलदाराचा दाखला, रेशनकार्ड किंवा दारिद्र्यरेषेचं कार्ड यांपैकी एक पुरावा लागतो. उत्पन्नाची मर्यादा शासन बदलत असतं, चालू आकडा धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विचारा. तातडीच्या वेळी डिपॉझिटसाठी न अडवता भरती करून जीव वाचवण्याचे उपचार द्यायचे आहेत. रुग्णालयातल्या समाजसेवकाला थेट भेटा, बिलिंगच्या खिडकीवर वाद घालत बसू नका.

१०. समान आणि न्याय्य यात फरक काय? सगळ्यांना सारखं दिलं की झालं ना?

सगळ्यांना सारखं द्यायचं म्हटलं तरी पोचतं कुणाला, ते मोजावं लागतं. १९९५-९६ च्या माहितीवर झालेल्या भारतातल्या एका अभ्यासाने सरकारी आरोग्यखर्चाचा लाभ उत्पन्नगटांनुसार वाटून पाहिला. सगळ्यात गरीब पाचव्या हिश्श्यावर एक रुपया खर्च होत होता तेव्हा सगळ्यात श्रीमंत पाचव्या हिश्श्यावर तीन. दार सगळ्यांना उघडंच होतं. पण मोठं रुग्णालय शहरात, तिथे पोचायला बस, राहायला ओळख आणि बोलायला धीर लागतो.

ब्रिटनमधले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये हे एका नियमात मांडलं होतं: जिथे उपचारांची गरज जास्त, तिथे चांगले उपचार कमी मिळतात. गडचिरोली आणि पुण्यातल्या डॉक्टरांची संख्या ताडून पाहिली की वेगळं उदाहरण लागत नाही. न्याय्य वाटप म्हणजे गरजेप्रमाणे देणं आणि ऐपतीप्रमाणे घेणं. कमी पडतं तिथे जास्त घालावं लागतं.

११. पाहणीत एखाद्या घराचा उपचारखर्च शून्य आला, तर ते घर सुरक्षित मानायचं का?

मला हा प्रश्न सगळ्यात जास्त विद्यार्थी विचारतात आणि सगळ्यात कमी गंभीरपणे विचारतात. शून्याचे दोन अर्थ आहेत. एक, घरात कुणी आजारी पडलं नाही किंवा उपचार खरंच मोफत मिळाले. दोन, आजार होता, पण माणूस गेलाच नाही.

बीडकडच्या एका वस्तीवर मी फॉर्म भरत होते. प्रश्न ठरलेला: गेल्या पंधरा दिवसांत घरात कुणी आजारी होतं का? बाई चुलीसमोर भाकरी थापत म्हणाल्या, “नाय, समदे बरे हायेत.” आत गोधडीवर त्यांचे मालक पडले होते आणि दर दोन मिनिटांनी खोकत होते. मी आत पाहिलं तसं त्या म्हणाल्या, “त्यांचं काय, त्ये दोन म्हयन्यापासून असंच हाय.” त्यांच्या हिशेबी जो कामाला जाऊ शकत नाही तो आजारी, आणि मालक चार दिवसांपूर्वीपर्यंत कामाला जात होते. आजार नाही, उपचार नाही, खर्च शून्य. गणकयंत्रात हे घर सगळ्यात सुरक्षित घरांत बसलं असतं.

प्रश्न ३ मधल्या कोणत्याही कसोटीला हे घर दिसत नाही. दारिद्र्यरेषेखाली ढकललेल्यांच्या आकड्यातही नाही, कारण ते आधीपासूनच रेषेखाली आहे. म्हणून खर्चासोबत नेहमी दोन गोष्टी विचारा: दुखणं होतं पण गेला नाहीत असं झालं का, आणि का गेला नाहीत. एखाद्या जिल्ह्यात आपत्तीजनक खर्च कमी असेल आणि न गेलेले जास्त असतील तर तो जिल्हा चांगला चाललेला नाही.

१२. कर्ज काढून केलेला खर्च, विम्याने परत दिलेला खर्च, बुडालेली मजुरी हे कसं धरायचं?

उपचारावर गेलेली रक्कम एकदाच धरा, ती बचतीतून आली की सावकाराकडून हे वेगळ्या रकान्यात. कर्जाची मुद्दल फेडली ती पुन्हा खर्चात घातली तर दोनदा मोजलं जातं. व्याज स्वतंत्र लिहा. विम्याने परत दिलेली रक्कम वजा करा, पण परत किती महिन्यांनी मिळाली तेही नोंदवा, कारण मधल्या काळात घराने उसनवारी केलेली असते. बुडालेली मजुरी खिशातल्या खर्चात घालत नाहीत. ती अप्रत्यक्ष खर्च म्हणून वेगळी दाखवतात. आठवणीचा काळही पाळा: नमुना पाहणी भरतीसाठी ३६५ दिवस आणि बाह्यरुग्णासाठी १५ दिवस विचारते. दोन्ही आकडे सरळ बेरजेला घेता येत नाहीत, आधी एकाच काळात आणावे लागतात.

पैसा कुठून आला हे विचारताना ‘मालमत्ता विकली का’ असं विचारू नका. ‘काही मोडलं का, काही गहाण टाकलं का, जनावर विकलं का’ असं विचारा. मालमत्ता म्हटलं की लोक शेतजमीन समजतात आणि नाही म्हणतात. शेळ्या आणि मणीमंगळसूत्र त्यात कुणी धरत नाही.

१३. थायलंडला जमलं, आपल्याला का नाही?

थायलंडने २००२ मध्ये ‘३० बाट’ योजना आणली. भेटीला ३० बाट, बाकी सगळं करातून. खिशातला वाटा तेव्हा एकूण खर्चाच्या सुमारे एकतृतीयांश होता, तो दहाव्या हिश्श्याच्या आसपास आला. सगळे लोक या घोषणेचं कौतुक करतात. मला त्याआधीची वीस वर्षं जास्त मोलाची वाटतात. त्यांनी १९८० च्या दशकात शहरांऐवजी तालुक्याच्या पातळीवर रुग्णालयं बांधली, आणि नव्या डॉक्टरांना ग्रामीण सेवा त्याआधीपासूनच सक्तीची होती. योजना आली तेव्हा लोकांना जायला जागा होती. रुग्णालयांना पैसा मुख्यतः डोईमागे, म्हणजे नोंदलेल्या माणसांच्या संख्येवर दिला, त्यामुळे जास्त शस्त्रक्रिया करून जास्त कमाई असं गणित उरलं नाही.

घानाने २००३ च्या कायद्याने राष्ट्रीय विमा उभारला आणि मूल्यवर्धित करासारखीच वस्तू आणि सेवांवर अडीच टक्के आकारणी बसवली. शेतकरी, फेरीवाले यांच्या पगारातून कपात होणार कशी, म्हणून हा मार्ग. आपल्याकडेही बहुसंख्य लोक असंघटितच आहेत, तेव्हा हे उदाहरण जवळचं. रवांडाने गावोगावच्या विमा मंडळ्यांतून ऐपतीप्रमाणे हप्ते ठरवले आणि अगदी गरिबांचा हप्ता बाहेरून भरला.

१४. जास्त उपचार मिळाले म्हणजे न्याय झाला, असं म्हणता येईल का?

नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार महिलांची पाहणी झाली तेव्हा ८२ हजारांहून जास्त महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. टोळीवर एक दिवस बुडला की मुकादम खाडा धरतो, उचलीतून पैसे कापतो. पांढरं जाणं, पोटात दुखणं यावर वेळीच साधे उपचार मिळाले नाहीत आणि ‘पिशवी काढून टाका, कॅन्सर होईल’ ही भीती मात्र मिळाली. शस्त्रक्रियेसाठी बायकांनी कर्ज काढलं आणि ते फेडायला पुन्हा उचल घेतली. खर्चाच्या पाहणीत हे सगळं नुसतं ‘भरती’ म्हणून दिसतं. रुग्णालयाला प्रत्येक शस्त्रक्रियेमागे पैसा मिळत असेल आणि तपासणारं कुणी नसेल, तर नको ते उपचार वाढतात.

१५. सिंधुदुर्गातल्या माणसाने गोव्यात उपचार घेतले तर?

दोडामार्ग, सावंतवाडी भागातल्या लोकांना बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज हेच जवळचं मोठं रुग्णालय. पिढ्यान्पिढ्या ते तिथेच गेले. जानेवारी २०१८ पासून गोव्याने बाहेरच्या राज्यांतल्या रुग्णांना शुल्क लावलं आणि दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले. गोव्याची बाजूही समजून घेण्यासारखी आहे: त्यांच्या करदात्यांनी आपल्या माणसांसाठी उभारलेली यंत्रणा, आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तिथल्या रहिवाशांना संरक्षण. पण ताप सीमा बघून चढत नाही. यावर मार्ग एकच, रुग्ण जिथे जाईल तिथे त्याच्या राज्याचा पैसा मागोमाग गेला पाहिजे. संशोधन करताना अशा तालुक्यांत रुग्णालय कोणत्या राज्यातलं हा रकाना फॉर्ममध्ये जरूर ठेवा. तो नसेल तर शेजारच्या राज्यातला खर्च ‘इतर सरकारी’मध्ये विरघळून जातो.

१६. प्रबंधासाठी माहिती कुठून मिळेल?

नमुना पाहणीची घरनिहाय माहिती केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाकडून मोफत उतरवून घेता येते. ७१ वी फेरी २०१४ ची आणि ७५ वी २०१७-१८ ची, दोन्ही आरोग्याच्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विम्याचे प्रश्न असतात. नवीन फॉर्म छापण्याआधी या दोन फेऱ्यांची प्रश्नावली शब्दन् शब्द वाचा.

१७. पाहणीला गेलं आणि घरात कुणी खरंच आजारी दिसलं, तर फॉर्म भरून निघायचं का?

नाही. आधी माणूस. जाताना जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची वेळ, १०८ रुग्णवाहिका आणि आशाताईंचं नाव लिहिलेला कागद सोबत ठेवावा आणि हे आपण करणार आहोत असं संस्थेच्या नैतिक समितीला आधीच कळवावं. तुम्ही मध्ये पडल्यामुळे त्या घराचं वागणं बदलतं, म्हणून तसं शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं. आकडा मात्र बदलायचा नाही.

प्रश्न ११ मधल्या त्या घरी मी आशाताईंना घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. बाई मालकांना घेऊन केंद्रात आल्या, थुंकीची तपासणी झाली, क्षयाची औषधं सुरू झाली. तपासणी मोफत, औषधं मोफत. फॉर्मवरचा पहिला शून्य मी तसाच ठेवला आहे. शेऱ्यात लिहिलं: केंद्रात जाऊन येण्याचं दोघांचं वडापचं भाडं १२० रुपये, शेजारणीकडून उसने.